घरट्याच्या पेटीसाठी खांब: विंच, दोरी-कप्पी की बिजागरी?

परसात किंवा शेताच्या बांधावर पक्ष्यांसाठी पेटी उंच टांगणे एका दुपारचे काम आहे. तीच पेटी हंगाम संपल्यावर खाली घेऊन साफ करणे, आत गांधीलमाश्यांनी किंवा मुंग्यांनी बस्तान मांडले आहे का हे पाहणे आणि पुन्हा त्याच जागी चढवणे हे खरे जिकिरीचे असते. शिडी लावून हे दरवर्षी करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यापुढे घरगुती बनावटीचे तीन पर्याय उरतात: हाताने फिरवायचा विंच (दांडा फिरवला की ड्रमवर तार गुंडाळली जाऊन वजन वर चढते), झेंड्याच्या खांबासारखी दोरी-कप्पी आणि बुंध्याशी बिजागरी असलेला आडवा होणारा खांब.

विंचचा खांब मूळचा आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेत ‘पर्पल मार्टिन’ हे भिंगरीच्या कुळातले पक्षी वसाहतीने घरटी करतात आणि रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला ते जवळजवळ सर्वस्वी माणसांनी लावलेल्या पेट्यांवर आणि पोकळ भोपळ्यांवर अवलंबून असतात. तिथे एकाच खांबावर डझनभर घरटी असतात आणि पाळणारे लोक ऐन विणीच्या काळातही ती ठरावीक अंतराने खाली घेऊन तपासतात. एवढे वजन, तेही अंडी न हलवता, वारंवार वरखाली करायचे म्हणून विंच आला. सातारा-सांगलीकडच्या परसात येणारे पक्षी निराळे आहेत. दयाळ आपल्या हद्दीत दुसरी जोडी खपवून घेत नाही, वल्गुली या चिमणीएवढ्या राखी पक्ष्याचेही तसेच. त्यामुळे एका खांबावर सहा पेट्या टांगल्या तरी पाच रिकाम्या राहण्याचीच शक्यता जास्त. चिमण्या जवळजवळ घरटी करतात हे खरे, पण 32 मिलिमीटर भोकाची पेटी वळचणीखाली भिंतीवर आठ-दहा फुटांवर ठोकली की त्यांचे भागते. चिमणीसाठी खांब उभारणे, माझ्या मते, हौसेचा भाग आहे.

विंचची खरी गरज गव्हाणी घुबडाच्या पेटीला लागते. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात उंदरांचा बंदोबस्त म्हणून अशी पेटी लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला साधारण पंधरा फुटांवर दहा-बारा किलो वजन चढवावे लागते. (घुबड म्हटले की भुवया उंचावतात, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेले बरे.) येथे तिन्ही पर्यायांतला फरक आकड्यांत दिसतो. विंचचा दांडा 20 सेंटिमीटर लांब आणि तार गुंडाळायचा ड्रम 5 सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर आठपट फायदा मिळतो. म्हणजे 12 किलोसाठी घर्षण सोडून दीड किलोचा जोर पुरतो आणि पाच मीटर उंचीसाठी सुमारे तीस फेरे द्यावे लागतात. साध्या दोरी-कप्पीत फायदा काहीच नाही: 12 किलो ते 12 किलोच, शिवाय हात सुटला की पेटी थेट खाली. बिजागरीच्या खांबाचे गणित तर याहून वाईट आहे. दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मीटरला सुमारे पाच किलो भरतो; बिजागरीच्या वर चार मीटर खांब आणि टोकाला 12 किलोची पेटी धरली, तर खांब आडवा होत असताना बिजागरीपासून दीड मीटरवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातावर जवळजवळ 60 किलो भार येतो. खालच्या टोकाला रेल्वे फाटकासारखे उलट वजन लावून हा भार कमी करता येतो, परंतु मग दोन जाड आधारखांब आणि काँक्रीटचा ठोकळा आला, म्हणजे साधेपणा गेला.

बिजागरीचा याहून मोठा दोष असा की खांबाबरोबर पेटीही आडवी होते. आत अंडी किंवा पिल्ले असतील तर खांब पाडताच येत नाही, आणि बाहेरून ते ओळखणे नेहमी शक्य नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मधल्या शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना त्रास देणेही येते, हे ध्यानात असू द्यावे. विंच आणि दोरी-कप्पी या दोन्हींत पेटी उभीच उतरते. अर्थात म्हणून विणीच्या काळात ती उतरवत बसावी असे नाही.

विंच घरी करायचा तर यश खांबावरून पेटी वरखाली नेणाऱ्या सरकत्या नळीवर ठरते. गोल पाइपावर नळी फिरते आणि पूर्वेकडे ठेवलेले भोक पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात नैर्ऋत्येला वळते. म्हणून खांब 50 मिलिमीटर चौकोनी नळीचा घ्यावा आणि त्यावर थोडी सैल बसणारी मोठी चौकोनी नळी सरकवावी. ही नळी आखूड असेल तर एका बाजूला लटकलेल्या पेटीच्या वजनाने ती तिरकी होऊन अडकते; रुंदीच्या निदान तिप्पट लांबी ठेवली की अडकणे थांबते. तार 3 मिलिमीटरची, गॅल्व्हनाइज्ड, अनेक बारीक पदरांची घ्यावी, वरची कप्पी अडीच इंचांहून लहान नसावी, आणि पेटी पूर्ण खाली असतानाही ड्रमवर तीन वेढे शिल्लक राहावेत. तारेच्या टोकाचा फास पक्का करायला यू-क्लॅम्प लावताना त्याचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या तारेवर आणि वाकवलेली सळई मोकळ्या टोकावर यावी. हे उलटे बसवलेले अनेकदा दिसते. दातेरी चक्र आणि खटका नसलेला विंच मात्र घेऊच नये, कारण उलटा फिरणारा दांडा मनगट मोडू शकतो. पेटी वर पोचल्यावर आरपार पिन घालून वजन खांबावर टाकले की तार वर्षभर ताणाखाली राहत नाही.

धामण आणि मांजर यांना अडवण्यासाठी खांबावर पत्र्याचा, रुंद तोंड खाली असलेला शंकू लागतो. बिजागरीच्या गुळगुळीत खांबावर तो सहज बसतो. विंचच्या खांबावर तारेसाठी खाच ठेवावी लागते, ती बोटभरापेक्षा रुंद झाली तर शंकूचा उपयोग संपतो, आणि पेटी खाली घेताना शंकू काढावाही लागतो. दोरी-कप्पीत दोरीच चढायला वाट देते, त्यामुळे काम झाल्यावर तिचा खालचा भाग सोडवून ठेवावा.

जमिनीप्रमाणेही निवड बदलते. मिरज, पलूस, वाळवा भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला हळूहळू कलवते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि तो खोलवर असेल तर काँक्रीटचा पाया रुंद करावा. कललेल्या खांबावर विंचची नळी सर्वांत आधी कुरकुरते, बिजागरीला फारसा फरक पडत नाही. पाटण-जावळीकडे मुरमाड किंवा जांभ्याची जमीन पाया घट्ट धरते, पण वारा जबर: चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच आलेल्या नाहीत. तिथे बारा फुटांहून उंच जाऊ नये, आणि त्या उंचीला हलक्या पेटीसाठी दोरी-कप्पीच पुरेशी आहे. कृष्णाकाठच्या पूरपट्ट्यात, जिथे 2019 मध्ये पाणी घरांत शिरले होते, विंच कायमचा पक्का न लावता दोन बोल्टांवर काढता येईल असा बसवावा आणि पावसाळ्याआधी उतरवून, ग्रीस लावून घरात ठेवावा. जवळून विजेच्या तारा जात असतील तर बिजागरीचा विचार सोडून द्यावा. आडवा होणारा लोखंडी खांब कुठल्या बाजूला झुकेल याची खात्री एकट्या माणसाला देता येत नाही.