चीटग्रासवर इंडाझिफ्लॅम: कुठे घ्यावं, कुठे नको

पश्चिम अमेरिकेतल्या कुरणांत, जळालेल्या उतारांवर आणि रस्त्यांच्या कडेला माजणाऱ्या चीटग्रास या वर्षायू गवती तणासाठी ‘रेजुव्ह्रा’ हे तणनाशक घ्यावं का? त्या जागी झुपकेदार बहुवर्षायू गवत अजून तग धरून असेल, तर जरूर घ्यावं. नसेल तर पैसे पाण्यात.

यातला घटक इंडाझिफ्लॅम. तो कोवळ्या मुळाला सेल्युलोज बनवू देत नाही, त्यामुळे कोंब जागीच खुंटतो. औषध मातीच्या वरच्या थरात राहतं. चीटग्रासचं बीही तिथेच पडलेलं असतं, जुन्या गवताची मुळं मात्र खोल. सगळा खेळ या अंतराचा. बियांपासून येणारी स्थानिक वर्षायू फुलझाडंही त्यात मारली जातात, हे विसरू नये.

खरा फायदा टिकण्यात आहे. इमॅझापिक या दुसऱ्या तणनाशकाचा असर बहुधा एक हंगाम, फार तर दोन. तेवढ्यात जमिनीतलं बी संपत नाही. इंडाझिफ्लॅम तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतं, आणि तोवर बहुतेक बी उगवून तरी मरतं नाहीतर कुजून जातं.

मात्रा एकरी ५ फ्लुइड औंस, म्हणजे सुमारे १४८ मिली. इतकी कमी की अंदाजाने ओतणं महागात पडतं. आधी साध्या पाण्याने १०० चौरस मीटर फवारून किती पाणी लागलं ते मोजा. तेवढ्या पाण्याला ३.७ मिली औषध. ते तळाशी बसतं, म्हणून डबा हलवून घ्या आणि टाकी ढवळत ठेवा.

फवारणी उन्हाळा सरताना, शरदातल्या पावसाआधी. पावसाशिवाय औषध मातीत उतरत नाही. रोपं वर आली असतील तर याच्यावर भिस्त नको. सोबत उगवलेली हिरवी झाडं मारणारं ग्लायफोसेट घालायचं असेल, तर चांगलं गवत सुप्त असतानाच.

फवारणी फसते ती बहुधा जुन्या वाळक्या काडीमुळे. थर जाड असला की औषध वरच अडकतं. फवारल्यावर जमीन उकरली किंवा त्यावरून गाड्या फिरवल्या, तर तिथे पुन्हा तण येतं. उघड्या जमिनीवर तर नुकसानच, कारण नवीन पेरलेलं गवतही उगवत नाही आणि माती वाहून जाते.

चराऊ कुरणांवर वापरायला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. अंगणाएवढ्या तुकड्यासाठी मात्र हे आणू नये. तिथे चीटग्रास लोंब्या जांभळट व्हायच्या आत, जमिनीत ओल असताना मुळासकट उपटावं. ओळीने दोन-तीन वर्षं उपटावं लागतं, एवढंच.