नाशिक आणि हाँगकाँगच्या फेब्रुवारीत वापरलेला तापमान-आर्द्रता मापक

जानेवारीच्या अखेरीस मुलगी हाँगकाँगला नोकरीवर परत निघाली, तेव्हा तापमान आणि सापेक्ष आर्द्रता एकाच पडद्यावर दाखवणारे दोन लहान डिजिटल मापक आम्ही नाशिकच्या एका दुकानातून विकत घेतले. प्रत्येकाची किंमत चारशे रुपयांच्या आत होती. एक गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी राहिला आणि दुसरा तिच्या सामानातून गेला. पुढे फेब्रुवारीभर आम्ही दोघींनी आपापल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सात वाजताचा आकडा आणि रात्री मेमरीतले कमाल-किमान आकडे वहीत लिहून ठेवले. पुढील मत त्या नोंदींवर आधारलेले आहे.

कोणताही आर्द्रतामापक वापरण्यापूर्वी तो मिठावर तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थेंबभर पाणी टाकावे, मीठ ओलसर व्हावे पण विरघळून जाऊ नये, आणि ते झाकण मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. डब्यातील हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर स्थिरावते. आमच्या मापकाने 71 आणि मुलीच्या मापकाने 78 दाखवले. खोक्यावर पाच टक्क्यांपर्यंतची चूक मान्य केलेली असल्याने याला दोष म्हणता येणार नाही, परंतु एकाच दुकानातल्या दोन मापकांत सात टक्क्यांचा फरक असू शकतो, हे ग्राहकाला ठाऊक असले पाहिजे. खाली दिलेले आर्द्रतेचे आकडे हा फरक दुरुस्त करून दिले आहेत.

पहिला आठवडा माझ्याच चुकीने वाया गेला. मी मापक गच्चीच्या पश्चिमेकडील भिंतीवर टांगला होता आणि तो दुपारी 36 अंश दाखवत होता. तो आकडा हवेचा नसून उन्हाने तापलेल्या भिंतीचा होता. उत्तरेकडील सावलीच्या व्हरांड्यात, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आणि भिंतीपासून सुटा टांगल्यावर तोच आकडा 31 वर आला. माहितीपत्रकात मापक कोठे लावावा याविषयी एक ओळही नाही, आणि ही उणीव मला या वस्तूतील सर्वांत मोठ्या उणिवांपैकी एक वाटते.

जागा बदलल्यानंतर मात्र या मापकाने मला आपल्या फेब्रुवारीविषयी जे दाखवले, ते इतकी वर्षे नाशिकमध्ये राहूनही माझ्या लक्षात आले नव्हते. एका दिवशी सकाळी 10 अंश आणि 80 टक्के, तर दुपारी 31 अंश आणि 25 टक्के अशी नोंद झाली. सकाळची हवा दमट आणि दुपारची कोरडी असे आपण सहज म्हणतो, पण हिशेब केला तर दोन्ही वेळा एक घनमीटर हवेत साडेसात ते आठ ग्रॅम इतकीच वाफ होती. पाणी तेवढेच राहिले, फक्त हवा तापल्यामुळे तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता वाढली. म्हणूनच नुसती आर्द्रता दाखवणारे उपकरण स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तापमानाशेजारी वाचल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नसतो.

हाँगकाँगच्या नोंदी यापेक्षा अगदी वेगळ्या निघाल्या. अक्षांश पाहिला तर नाशिक 20 अंश उत्तरेला आणि हाँगकाँग 22 अंशांवर, म्हणजे दोन्ही शहरे विषुववृत्तापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत; पण आपण घाटमाथ्यामागच्या पठारावर आणि ते दक्षिण चिनी समुद्राच्या काठावर. तेथील फेब्रुवारीचे सरासरी तापमान सुमारे 17 अंश असते आणि किमान तापमान 12 अंश किंवा त्याहून खाली गेले की तेथील वेधशाळा तो ‘थंड दिवस’ मोजते. आपल्याकडे फेब्रुवारीतल्या 12 अंशांच्या पहाटेकडे कोणी वळूनही पाहत नाही. मात्र तिकडे दुपारी उबारा मिळत नाही. मुलीच्या वहीत एका ढगाळ दिवशी कमाल 15 आणि किमान 13 एवढाच फरक आहे.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेकडून येणारी थंड हवा ओसरली, समुद्रावरची उबदार, वाफेने भरलेली हवा शहरात शिरली आणि गार पडलेल्या भिंतींवर, फरशीवर, आरशावर पाणी जमू लागले. मुलीने आपल्या घरच्या सवयीने कोंदटपणा घालवण्यासाठी खिडक्या उघडल्या. तासाभरात आर्द्रता 84 वरून 92 टक्क्यांवर गेली. 19 अंशांवरच्या त्या हवेत घनमीटरमागे सुमारे 15 ग्रॅम वाफ होती, आपल्या दुपारच्या जवळपास दुप्पट. तिने खिडक्या लावून घेतल्या, हवेतील ओलावा शोषणारे यंत्र सुरू केले, आणि आकडा उतरताना तिला डोळ्यांनी दिसला. मापक नसता तर ती दिवसभर खिडक्या उघड्याच ठेवून बसली असती.

पडद्यावरील हसऱ्या-रडव्या चेहऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करावे. मधल्या आर्द्रतेला तो हसतो, मग बाहेर 10 अंश असोत की 35.

दिंडोरी तालुक्यात माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत घडांत साखर भरत असताना रात्रीचा गारठा एकदम वाढला तर मण्यांना तडे जातात, आणि ढगाळ हवेत भुरी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. दादाने आमचा मापक चार रात्री बागेच्या सखल कोपऱ्यात ठेवला, तेव्हा तेथील किमान आमच्या व्हरांड्यापेक्षा चार अंशांनी कमी निघाले. पहाटे उठून बागेत न जाताही हा आकडा मिळाला, याचे त्याला समाधान वाटले. पण किमान तापमान किती वाजता झाले आणि पाने किती तास दवाने ओली राहिली असतील, हे या मेमरीतून कळत नाही, आणि फवारणीचा निर्णय घेताना बागायतदाराला नेमकी हीच माहिती लागते. घरासाठी हा मापक मी निःशंकपणे सुचवते. दादासाठी मात्र तासागणिक नोंद ठेवणारा, वायरीच्या टोकाला संवेदक असलेला मापक आम्ही शोधत आहोत.