थंडरबर्ड की क्लॉज मेल?

जुना मेल प्रोग्राम उघडायला टाकून मी चहा करून यायचो, तरी गोल चक्र फिरतंच असायचं. मार्चअखेरच्या गडबडीत त्याने एका क्लायंटला एकच बिल तीनदा पाठवलं, तेव्हा त्याला रामराम ठोकला. त्याच्या जागी दोन मेल प्रोग्राम वापरून बघितले: थंडरबर्ड आणि क्लॉज मेल.

थंडरबर्ड २००४ पासूनचा, फुकट. नाव, पत्ता, पासवर्ड दिला की सर्व्हरची सेटिंग बहुतेकदा तोच शोधतो. सगळ्या खात्यांचे इनबॉक्स एकत्र दिसतात, कॅलेंडर आतच. खोट एकच, पण मोठी: मूळ सेटिंगमध्ये एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये साठतात. डिलीट केलेला मेलही फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत, म्हणजे ती फाइल आवळून साफ होईपर्यंत, डिस्कवर जागा अडवून बसतो.

क्लॉज मेल इथे शहाणा. प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल. एक बिघडली तर बाकीचे शाबूत. माझ्या चार जीबी रॅमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चुटकीसरशी उघडतो. दिसायला मात्र अगदी जुन्या वळणाचा, आणि लिहिता येतो फक्त साधा मजकूर. ठळक अक्षरं नाहीत, लोगोवाली सही नाही. (मला ते आवडतं, साहेबांना नाही.) जीमेलसाठी दोन टप्प्यांची पडताळणी लावून वेगळा अ‍ॅप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रामपुरता पासवर्ड) काढावा लागला, त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

कामाच्या मशीनवर थंडरबर्ड ठेवला, घरच्या लॅपटॉपवर क्लॉज. खातं आयमॅपवर (मेल पोचवण्याची एक पद्धत) असेल तर मेल सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे आठवडाभर दोन्ही एकाच खात्यावर चालवून बघता येतात.