घरचा ग्रुप की ईमेल? विखुरलेल्या गोतावळ्यासाठी काय निवडावं

गोतावळा चार दिशांना पांगलाय, त्याला एका जागी धरून ठेवायचंय, आणि त्यासाठी फोनवर ग्रुप काढावा की ईमेलवर भागवावं असा विचार चालू असेल, तर आमच्या घरचा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. आम्ही चुलत-आते मिळून अकरा भावंडं. मूळ गाव पाटणजवळ. आता कोणी कराडला, कोणी पुण्यात, ताई नाशिकला, दोघं न्यू जर्सीत, एक मेलबर्नला. आधी चार वर्षं आम्ही फक्त ग्रुपवर भागवलं, ईमेलवर येऊन तीन वर्षं होत आली.

मेलबर्नच्या भावाने तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ईमेल हे काय सोशल नेटवर्क आहे का?" प्रश्न रास्त होता. डॅना बॉईड आणि निकोल एलिसन या संशोधकांनी २००७ साली केलेली व्याख्या आजही वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी लागतात: इतरांना दिसेल अशी स्वतःची ओळख, आपल्या माणसांची यादी, आणि त्या यादीतून दुसऱ्यांच्या यादीपर्यंत जायची वाट. ईमेलमध्ये यातलं उघड असं काहीच नाही. आपल्याकडच्या २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकानेही समाजमाध्यमांच्या व्याख्येतून ईमेल सेवा स्पष्ट शब्दांत वगळल्या होत्या. (ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं.) पण मग घरच्या ग्रुपला तरी ही व्याख्या कुठे पुरती लागू पडते? तिथेही कोणी कोणाच्या यादीत डोकावत नाही. तरी त्याला सोशल म्हणताना कोणी अडखळत नाही.

मला स्वतःला याचं उत्तर बझच्या गोष्टीत सापडलं. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जीमेलमध्ये बझ नावाची सोय आणली. तुमचा ज्यांच्याशी जास्त पत्रव्यवहार, ती माणसं तिने आपोआप तुमच्या यादीत घातली, आणि ती यादी इतरांनाही दिसू शकत होती. कोणाचे डॉक्टर, कोणाचे वकील, कोणाचा जुना स्नेही. एवढी ओरड झाली की काही दिवसांतच बदल करावे लागले, आणि पुढच्या वर्षी बझ गुंडाळण्याची घोषणा झाली. म्हणजे नात्यांचं जाळं ईमेलच्या पोटात आधीपासून विणलेलं होतंच, फक्त ते ज्याचं त्यालाच दिसत होतं. मी ईमेलला सोशल नेटवर्क मानतो ते यासाठी. कोणी मानलं नाही तरी माझा आग्रह नाही.

ग्रुपचं श्रेय ग्रुपला द्यायलाच हवं. बारशाचा फोटो, गाडी किती लेट आहे, कार्यालयात फुलं पोचली का, रक्त कोणत्या गटाचं लागतंय, अशा कामाला त्याला तोड नाही. ज्यांना टाइप करणं जमत नाही ते बोलून निरोप पाठवतात. आमच्या धाकट्या मामेबहिणीचं लग्न ग्रुपमुळेच सुरळीत पार पडलं.

मग मन कशामुळे फिरलं? ऑगस्टातला एक शुक्रवार. ताईने दुपारी ग्रुपवर लिहिलं की काकूंचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, चांगला नाही, सोमवारी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. त्यानंतर दोनच मिनिटांत पुण्याच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा केक येऊन पडला. मग शुभेच्छा, फुगे, "किती मोठा झाला", लहानपणीचे फोटो, त्या फोटोंवरून निघालेल्या आठवणी. संध्याकाळी मी फोन उघडला तेव्हा शंभरावर मेसेज साठले होते. शेवटचे आठ-दहा पाहिले, केकला अंगठा दिला आणि फोन ठेवून दिला. बाकीच्यांनीही तेच केलं असणार. ताईच्या फोनवर मात्र तिचा मेसेज सगळ्यांनी वाचल्याची खूण दिसत होती. रविवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना केक दिसला रे."

कोणी मुद्दाम केलं नव्हतं, आणि एका विशिष्ट ॲपला बोल लावण्यातही अर्थ नाही. ग्रुप कुठल्याही ॲपवर काढा, साधारण ठेवण तीच: एकच धार, आणि नव्याने आलेलं जुन्याच्या डोक्यावर. विषयाची ओळ नसते. दुःख आणि केक एकाच ताटात येतात, आणि लोक केक उचलतात. शिवाय वाचल्याची खूण असल्यामुळे गप्प राहण्याचा अर्थ लावला जातो. वाक्य ताईचं होतं, पण ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

त्याच रात्री मी मेल लिहिलं. विषय: "काकू : सोमवारची भेट". दहा भावंडांचे पत्ते. सकाळपर्यंत न्यू जर्सीहून दोन उत्तरं आली होती, दोन्ही लांबलचक. थोरल्याने खर्चाचं विचारलं होतं, धाकटीने डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न लिहून दिले होते. ताई ते सात प्रश्न कागदावर उतरवून घेऊन गेली. पुढची सगळी केमो त्या एका विषयाखाली आहे. कोणत्या तारखेला नाशिकला कोण गेलं, हे आजही एका जागी वाचता येतं.

दुसरा फायदा अनपेक्षित होता. आत्या लिहायला लागली. ती सांगते, नातू टाइप करतो. सुरुवात "चि. सर्वांस अनेक आशीर्वाद" अशी, शेवट "कळावे" असा, अगदी अंतर्देशीय पत्रावर लिहायची तसा. एकदा तिने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप लिहिला. ती तेव्हा दहा वर्षांची. पडवीतली पितळी घागर आपोआप गडगडत उंबऱ्यापर्यंत आली, गाईने दावं तोडलं, आजोबांनी तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि पुढे कितीतरी रात्री सगळे अंगणातच झोपले. हे तिने ग्रुपवर कधीच सांगितलं नव्हतं. तिथे एवढं लांब कोणी बोलत नाही, बोलायचा संकोचही वाटतो. न्यू जर्सीच्या भाचरानं विचारलं, पडवी म्हणजे काय? आत्याने कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने घराचा नकाशा काढला, चुलीपासून परसातल्या विहिरीपर्यंत, आणि त्याचा फोटो उत्तरात पाठवला.

ईमेलच्या अडचणी आहेतच. कोणीतरी "रिप्लाय ऑल" करायचं विसरतो आणि त्याचं उत्तर एकट्या मलाच येतं, मग मी ते पुढे पाठवत बसतो. कराडच्या भावाला सुरुवातीला सगळी मेलं स्पॅममध्ये जात होती. जीमेलवर २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही, त्यामुळे व्हिडिओची लिंक द्यावी लागते. आणि कॉलेजातली पोरं मेल ऑफिसकामाचं समजतात, चार-चार दिवस उघडत नाहीत. तुमच्या घरी सगळेच त्या वयाचे असतील तर माझा सल्ला कदाचित लागू पडणार नाही.

टिकण्याचा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. ऑर्कुट हे एके काळचं सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, मेलवरून गटाने गप्पा मारायची याहू ग्रुप्स ही सोय डिसेंबर २०२० मध्ये. ज्यांना याहूची पत्रं मेलने येत होती, त्यांच्या मेलबॉक्समध्ये ती नंतरही राहिली. ईमेलचा कोणी एक मालक नाही. मामांचा पत्ता रेडिफमेलचा, माझा जीमेलचा, एकाचा ऑफिसचा, तरी १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल एकीकडून दुसरीकडे पोचवण्याचे, नियम लिहिले गेले त्याच पायावर ही सगळी पत्रं एकमेकांना पोचतात. एखादी कंपनी सोडली तरी भावंडं सुटत नाहीत.

आम्ही ग्रुप मोडलेला नाही. गाडीची वेळ, केक, गणपतीचे फोटो तिथेच. निवड एकाचीच करायची असेल आणि घरात आजारपण, म्हातारी माणसं, गावच्या घराचे प्रश्न असतील, तर मी ईमेलकडे झुकेन. सुरुवात करताना सगळ्यांचे पत्ते "टू"मध्ये घाला, बीसीसीत नको. पत्र कोणाकोणाला गेलंय ते सगळ्यांना दिसू द्या. विषयाच्या ओळीत माणसाचं नाव आधी लिहा. आमच्याकडे आत्ता सगळ्यात वर "काकू : सहामाही तपासणी" आहे. ताईचं एका ओळीचं मेल, रिपोर्ट चांगला आहे म्हणून, आणि त्याखाली दहाच्या दहा उत्तरं.