दोन बेअरिंगचा यो-यो: स्पर्धेची ओढ लागलेल्या मुलांसाठी

इंदूरला राजवाड्यालगतच्या एका खेळण्यांच्या दुकानातून भाचीसाठी घेतलेला हा पॉलिकार्बोनेटचा यो-यो, ज्या मुलांना पुढे स्पर्धेत उतरायचे आहे त्यांच्यासाठी मला चकचकीत धातूच्या यो-योपेक्षा अधिक योग्य वाटतो. त्यात अरुंद बेअरिंग बसवलेले असते, त्यामुळे हलका झटका देताच तो हातात परततो. सोबतचे रुंद बेअरिंग बसवले की दोरीला मोकळी जागा मिळते आणि मग तो नुसत्या झटक्याने परतत नाही; दोरीचा पदर फटीत घालून 'बाइंड' करावा लागतो.

ही दुसरी रीत शिकणे अपरिहार्य आहे, कारण एक यो-यो आणि लांब दोरी यांचा 1ए हा स्पर्धेतला विभाग आज जवळजवळ संपूर्णपणे न परतणाऱ्या यो-योवरच खेळला जातो. 1928मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना काढणाऱ्या पेद्रो फ्लोरेस यांच्या यो-योत दोरी आसाला घट्ट न बांधता सैल फासाने अडकवलेली असे, म्हणून तो खाली फिरत राही. मात्र लाकडी आसावरील घर्षणाने ती फिरकी लवकरच मंदावे. टॉम कून यांनी 1990मध्ये आणलेल्या ॲल्युमिनियमच्या एसबी-2मध्ये बॉल बेअरिंग होते, आणि पुढे वजन कडेकडे सरकवल्यावर फिरकी इतकी लांबली की एकाच फेकीत दोरीचे अनेक गुंते घालून सोडवणे शक्य झाले. परीक्षक अशा प्रत्येक यशस्वी घटकाला क्लिकरने गुण देतात, चुकांचे गुण कापतात.

अमेरिका आणि जपानमध्ये प्रादेशिक स्पर्धांमधून राष्ट्रीय आणि तेथून जागतिक स्पर्धेकडे जाण्याची वाट आहे; 2023ची जागतिक स्पर्धा ओसाकात झाली. आपल्या भागातही अशा लहान स्पर्धा व्हाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण इंदूरच्या रामबागेतल्या मुलांना थेट राष्ट्रीय मंचाची भीती वाटणे स्वाभाविक आहे.

उणिवा दोन आहेत. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत असल्याने बेअरिंग कसे बदलावे हे मुलाला स्वतःहून कळत नाही, आणि दुकानात सुटी दोरी मिळत नाही. पॉलिएस्टरची दोरी रोजच्या सरावाने लवकर विसविशीत होते व तुटून यो-यो भिरकावला जाण्याचा धोका असतो, म्हणून खरेदीच्या वेळीच दोऱ्यांचे एक पाकीट मागवून घ्यावे आणि दोरी मुलाच्या बेंबीपर्यंतच्या उंचीला कापावी. बाइंड सहज जमत असेल, तर मात्र थेट ॲल्युमिनियमचा घ्यावा.