वायफाय बल्ब घ्यावा की झिगबी?

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वन बीएचके असेल आणि दोन-तीनच दिवे लावायचे असतील, तर फोनवरून चालणारे वायफाय बल्ब पुरे. हब, म्हणजे बल्बना राउटरशी जोडणारी वेगळी छोटी पेटी, लागत नाही. जोडणी अडली तर आधी फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर आणा, कारण बहुतेक बल्बना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

दिवे वाढले की मात्र झिगबीच, म्हणजे स्मार्ट उपकरणांना हबशी जोडणारी वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत. हबचा खर्च वेगळा, पण बल्ब एकमेकांचा सिग्नल पुढे देतात आणि इंटरनेट गेलं तरी बऱ्याच हबवर दिवे चालतात. झिगबीही २.४ वरच चालतं, त्यामुळे शेजारपाजारच्या राउटरांच्या गर्दीत अडखळतं. हब राउटरपासून लांब ठेवा, हबच्या सेटिंगमध्ये झिगबीचं चॅनेल २५ करून बघा. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. मधला बल्ब बंद पडला तर पुढच्यांचाही संपर्क तुटू शकतो.