साय काय की एपीए? अमेरिकेत मानसशास्त्र शिकताना आधी कुठे नाव नोंदवावं

अमेरिकेत मानसशास्त्र घेऊन बीए करणाऱ्यांना साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विभागाकडून एक ईमेल येतो. तुम्ही ‘साय काय’च्या (Psi Chi, मानसशास्त्राच्या गुणवंत विद्यार्थ्यांची संस्था) सदस्यत्वासाठी पात्र आहात, अमुक तारखेपर्यंत अर्ज भरा. त्याच सुमारास एखादे प्राध्यापक सांगतात, एपीएचे, म्हणजे मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेचे, विद्यार्थी सदस्य व्हा. डॉलर मोजून खर्च करणाऱ्या आपल्या मुलांना दोन्हीकडे पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न पडतो. घरी फोन केला तर आईबाबाही तेच विचारतात. मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि नंतर आलेल्या बऱ्याच मराठी मुलामुलींशी यावर बोलले आहे. माझं मत आधीच सांगते: बीएला असाल आणि पात्र असाल, तर आधी साय काय. एपीएचा विचार पदव्युत्तर शिक्षणाला लागल्यावर करा. आता कारणं.

दोन्ही संस्था मुळात वेगळ्या जातीच्या आहेत. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, ही १८९२ साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना. विद्यार्थी सदस्य व्हायला गुणांची अट नाही. मानसशास्त्र शिकत असलात आणि वर्गणी भरलीत की झालं. साय काय ही ऑनर सोसायटी आहे, म्हणजे गुणवत्तेवर प्रवेश देणारी. ४ सप्टेंबर १९२९ रोजी येल विद्यापीठात नववी आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली असताना तिची स्थापना झाली. कल्पना कॅन्सस विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची होती, फ्रेडरिक लुईस आणि एडविन न्यूमन. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेली संस्था हा तिचा स्वभाव अजून टिकून आहे. २००९ पासून ती अधिकृतपणे आंतरराष्ट्रीय झाली, आणि आज कॉलेजांतल्या तिच्या शाखा ११०० हून अधिक आहेत.

पात्रतेचे आकडे नीट पाहा. बीएच्या विद्यार्थ्याने किमान ३ सेमिस्टर पूर्ण केलेली हवीत, मानसशास्त्राचे ९ क्रेडिट झालेले हवेत, त्या विषयातला जीपीए (गुणांची सरासरी, ४ पैकी) किमान ३.० हवा, आणि एकूण गुणांत तो आपल्या वर्षाच्या वरच्या ३५ टक्क्यांत हवा. मानसशास्त्र मेजर (मुख्य विषय) किंवा मायनर (दुय्यम विषय) असलं तरी चालतं. एखादी शाखा यापेक्षा कडक अट ठेवू शकते, त्यामुळे आपल्या विभागात विचारून घ्या. नागरिकत्वाची अट नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरचा विद्यार्थी तितकाच पात्र. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात असाल, तर तिथे हेच काम साय बीटा नावाची वेगळी संस्था करते.

पैशांत मोठा फरक आहे. साय कायचं शुल्क एकदाच भरायचं, सदस्यत्व आयुष्यभराचं. कित्येक वर्षं ते ५५ डॉलर होतं. तुमची शाखा वर स्वतःचे थोडे पैसे घेत असेल तर तेही आधी विचारा. एपीएची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. विद्यार्थ्यांना सवलत असते खरी, पण नूतनीकरण चुकलं की सदस्यत्व संपलं.

आता खरा प्रश्न: मिळतं काय? प्रमाणपत्र, पिन, मेणबत्त्या लावून होणारा छोटा दीक्षासमारंभ, पदवीदानाला गळ्यात घालायची दोरी. हे सगळं छान वाटतं, फोटो घरी पाठवावेसे वाटतात आणि पाठवावेतही. पण पीएचडीच्या प्रवेशसमितीपुढे सीव्हीवरच्या सदस्यत्वाच्या त्या एका ओळीचं वजन फार नसतं, कारण बऱ्याच अर्जदारांकडे ती असते. तिथे बघतात ते लॅबमध्ये केलेलं काम आणि ते जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं.

साय कायची मला वाटणारी खरी किंमत इथेच आहे, कारण त्या कामाला ती हात देते. सदस्यांना संशोधनासाठी आणि परिषदेच्या प्रवासासाठी अनुदानं मिळू शकतात. अमेरिकेत प्रादेशिक मानसशास्त्र परिषदा भरतात (मिडवेस्टर्न असोसिएशनची शिकागोत भरते), आणि त्यांत साय कायचे कार्यक्रम असतात. बीएच्या विद्यार्थ्याने आपल्या संशोधनाचं पहिलं पोस्टर लावायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही. अनोळखी माणूस पोस्टरपुढे थांबतो, तुमचा नमुना (अभ्यासात घेतलेली माणसं) एवढा लहान का म्हणून विचारतो, आणि आपण आपल्याच अभ्यासाकडे नव्याने पाहायला लागतो. संस्थेचं समीक्षित संशोधन नियतकालिकही १९९६ पासून निघतं. त्यात लेख द्यायचा तर लेखकांपैकी किमान एक जण सदस्य हवा. विद्यार्थ्याचा लेख गांभीर्याने वाचून त्यावर सविस्तर शेरे देणारी नियतकालिकं फार नाहीत, म्हणून याचं मला अप्रूप आहे. शिवाय ‘नाइस’ नावाचा उपक्रम आहे: एकच अभ्यास वेगवेगळ्या देशांतले गट ठरलेल्या पद्धतीने करतात आणि माहिती एकत्र जोडतात. मानसशास्त्रातले बरेच निष्कर्ष अमेरिकी कॉलेजच्या मुलांवरून काढलेले आहेत, हे आपल्याला तर चटकन जाणवतं. त्यावरचा इलाज प्रत्यक्ष करून पाहायची ही संधी आहे.

पण हे सगळं स्थानिक शाखेवर फार अवलंबून असतं. काही शाखांत दर महिन्याला व्याख्यान, ग्रॅज्युएट स्कूलचे अर्ज कसे लिहायचे याची कार्यशाळा, वरच्या वर्गातल्यांशी ओळख. काही शाखांत वर्षातून एक समारंभ आणि सामसूम. म्हणून पैसे भरायच्या आधी एका बैठकीला जाऊन बसा. मागच्या वर्षी किती जणांनी अनुदानाचा अर्ज केला, एवढं विचारा. शाखा झोपलेली असली तरी केंद्रीय अनुदानं तुम्हाला खुली राहतातच; मात्र पाठपुरावा तुमचा तुम्हाला करावा लागेल.

एक फायदा तिकडे वारंवार सांगितला जातो: मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीच्या सदस्याला अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरीत जीएस-७ या वरच्या श्रेणीवर सुरुवात करता येऊ शकते. खरं आहे. पण त्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांसाठीच असतात, तेव्हा व्हिसावर असाल तर हा मुद्दा हिशेबात धरू नका. तिथेच जन्मलेल्या मराठी मुलांनी जरूर धरावा.

एपीएकडे वळायची वेळ ग्रॅज्युएट स्कूलमध्ये येते. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘एपॅग्स’ हा स्वतंत्र गट आहे, आपल्या उपशाखेचे विभाग आहेत, आणि इंटर्नशिप, परवाना यांसारखे तेव्हा भेडसावणारे प्रश्न तिथे चर्चेत असतात. बीएच्या दुसऱ्या वर्षी यातलं फारसं काही आपल्याला लागू होत नाही.

भारतात परतून क्लिनिकल काम करायचं असेल, तर दोन्हींपैकी कशानेही परवानगी मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आपल्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. तिचे नियम आधी वाचा आणि मग तिकडचे अभ्यासक्रम निवडा.

आणि एक सावधगिरी. भारदस्त नावांच्या इतर ‘सोसायट्यां’चेही ईमेल येतील. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज या महासंघाच्या यादीत नाव आहे का ते पाहा (साय काय १९६५ पासून आहे), आणि आपल्या विभागातले प्राध्यापक ती संस्था ओळखतात का ते विचारा.

ठरवायला वेळ लागत असेल तर एवढं ध्यानात असू द्या: साय कायमध्ये प्रवेश शिकत असतानाच मिळतो, पदवी हातात पडल्यावर त्या कॉलेजच्या शाखेत मागाहून सहसा नाव नोंदवता येत नाही. एपीएचं दार पुढेही उघडं असतं. शेवटच्या वर्षात असाल तर पुढचा दीक्षासमारंभ कधी आहे, हे याच आठवड्यात विभागाच्या कार्यालयात विचारा.